अकरा चौतीस ते अकरा बावन्न

त्याला सगळे हनुवटी म्हणत. तोंडावर हनुवटीकाका, पाठीमागे नुसतं हनुवटी. तीस वर्षं स्टुडिओतल्या स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला त्याने एकच वाक्य ऐकवलं होतं, "हनुवटी जरा खाली." अर्जासाठी फोटो काढायला आलेल्या मुली ते ऐकून फिदीफिदी हसायच्या, मग हा चिडायचा, त्या गप्प व्हायच्या आणि अर्जाला लागतो तसला सुतकी फोटो बरोबर निघायचा. ठेंगणा, पोट सुटलेला, शर्टाच्या खिशात भिंग पुसायचं फडकं. दिसायला गरीब गाय, पण एकदा डूख धरला की संपलं. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने एकदा आपली पाटी याच्या पाटीच्या पुढे आणून लावली. तेव्हापासून कागदाची प्रत काढायला हनुवटी दोन गल्ल्या ओलांडून जायचा. पुढे झेरॉक्सवाला वारला, दुकान त्याच्या बायकोने चालवायला घेतलं, पाटीसुद्धा बदलली. हा आपला अजून दोन गल्ल्या चालतो.

धंदा तो एका म्हाताऱ्या फोटोवाल्याकडे शिकला होता. तो म्हातारा भयंकर तापट होता. कुठलाही बिघडलेला फोटो फेकलेला दिसला की बोटांवर पट्टी मारायचा. चांगला फोटो गिऱ्हाइकाचा, बिघडलेला आपला, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे हनुवटीने आयुष्यात काही फेकलं नाही. कॅमेरे बदलले, फिल्म गेली, कॅमेऱ्यात मेमरी कार्डं आली, तरी एक काम संपलं की दुसऱ्या कामाला हात लावण्याआधी सगळं दोन ठिकाणी उतरवून ठेवायचं, मिटलेले डोळे आणि हललेली डोकी धरून, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. घरात या साठवलेल्या फोटोंच्या डब्यांनी एक कपाट अडवलं होतं आणि त्यावरून बायको वर्षातून दोनदा तरी त्याची खरडपट्टी काढायची.

लोक घरबसल्या फोनवर आपले फोटो काढायला लागले तसा स्टुडिओ ओस पडला. तेव्हा हसऱ्या डॉक्टरचं काम आलं. हा डॉक्टर चेहरे नीटनेटके करून द्यायचा. पोटाची किंवा मांडीची चरबी सुईने ओढून काढायची आणि बसलेल्या गालात, कपाळाच्या आठ्यांत भरायची, हा त्याचा मुख्य व्यवसाय. चोवीस तास हसरा. शिव्या घातल्या तरी हसेल असा. त्याला 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो हवे असायचे, आणि ते हनुवटीसारखे कोणी काढत नसे. 'आधी'ला दिवा थेट डोक्यावर, म्हणजे प्रत्येक सुरकुतीत सावली पडते. 'नंतर'ला समोरून दोन दिवे, उजेड मऊ करणाऱ्या पांढऱ्या छत्र्या लावून, म्हणजे सुरकुती असली तरी नसते. दवाखान्याच्या दारावर माणसापेक्षा मोठे जे चेहरे लावलेले होते, त्यांत निम्मं काम डॉक्टरच्या सुईचं आणि निम्मं याच्या छत्रीचं. दिव्याची जागा बदलली तर त्यात खोटं काय, असं तो बायकोला सांगायचा. ती काही बोलायची नाही, म्हणजे तिला पटलेलं नसायचं.

पण बहिणीला पटलं. हनुवटीला एकच बहीण, सात वर्षांनी धाकटी, सगळे तिला धाकटीच म्हणत. आई गेल्यावर तिची वेणी घालण्यापासून तिला नोकरीला लावेपर्यंत सगळं यानेच केलेलं. ती एका लॅबमध्ये रक्त काढायची. बावीस वर्षं. हात इतका हलका की लोक रांगेत मागच्याला पुढे जाऊ देऊन तिची वाट बघायचे. पण त्या बावीस वर्षांत लोकांच्या शिरा निरखून निरखून तिच्या भुवयांमध्ये दोन उभ्या आठ्या पडल्या होत्या. पेशंट विचारायचे, ताई रागावलात का? ही म्हणायची, नाही हो, माझं तोंडच असं आहे. असं हजारदा म्हणाल्यावर एक दिवस ती भावाला म्हणाली, दादा, तुझ्या त्या डॉक्टरकडे माझं बघ ना. तुझे फोटो बघितलेत मी. किती फरक पडतो.

तेव्हा त्याने तोंड उघडायला हवं होतं. फोटो मी काढतो, फरक मी पाडतो, एवढी दोन वाक्यं होती. त्याने डॉक्टरला फोन लावला.

त्या दिवशी सकाळी त्यानेच तिला नेलं आणि 'आधी'चा फोटो काढला. एरवी 'नंतर'चा फोटो महिन्याने निघतो. पण डॉक्टरच्या डोक्यात नवी जाहिरात होती, तासाभरात फरक दाखवायची. म्हणून तो थांबला. फोटोची खोली दवाखान्यातच, उपचाराच्या खोलीला लागून. नर्सने धाकटीला दंडाला धरून आणलं आणि स्टुलावर बसवलं. झोपेचं औषध दिलेलं होतं, त्यामुळे ती गुंगीत होती.

पहिला फोटो अकरा चौतीसला. डावी पापणी अर्धी खाली आलेली. त्याने सांगितलं, डावा डोळा नीट उघड. उघडला नाही. एका हातात कॅमेरा तसाच धरून तो पुढे गेला, दुसऱ्या हाताच्या बोटाने पापणी वर धरली आणि फोटो काढला. मग कपाळ दिसलं. भुवईच्या वर तळव्याएवढा पांढराफटक डाग, कडेला जांभळट जाळी. शहाण्या माणसाने तिथेच आरडाओरडा केला असता. हनुवटीने तीस वर्षं फक्त उजेड बघितलेला. त्याला वाटलं, भिंतीवरून दिवा परतून कपाळावर पडतोय. त्याने छत्री वळवली. डाग तसाच. छत्री मागे घेतली. तसाच. मग तेलकट कपाळावर चमक आली की तो जे करायचा तेच त्याने केलं. मोकळ्या हाताने पावडरचा पफ घेऊन डागावर फिरवला, दुसऱ्या हाताचं बोट बटणावरच.

"दादा, या बाजूचा दिवा गेला का?" धाकटीने विचारलं.

त्याने दिवा बघितला. चांगला ढणढणीत चालू होता. लुकलुकत असेल म्हणून त्याने बल्बसुद्धा बदलला. त्यात पाच मिनिटं गेली. "चालू आहे गं. तू हलू नकोस," तो म्हणाला. ती हलली नाही. दादाने सांगितलेलं ती लहानपणापासून ऐकायची.

अकरा एकोणपन्नासला डॉक्टर हसत आत आला. चेहरा बघितला आणि त्याचं हसू थांबलं. हनुवटीने ते हसू थांबलेलं पहिल्यांदाच बघितलं. डॉक्टरने अंगठ्याने तो डाग दाबला, सोडला, रंग परत येतो का बघितलं. आला नाही. मग तळहाताने तिचा उजवा डोळा झाकून डाव्यापुढे बोटं हलवली. ती कुठेतरी भलतीकडे बघत राहिली. समोर काही घडलं की हनुवटीचं बोट आपोआप बटण दाबतं. चार फोटो निघाले. डॉक्टर तेव्हा कॅमेऱ्याकडे बघतही नव्हता. नंतर त्याने हसू परत लावलं, थोडी सूज आहे, पडू दे तिला इथेच, संध्याकाळी न्या, असं म्हणाला आणि पुढच्या बाईला सुई टोचायला गेला. शेवटचा फोटो अकरा बावन्नचा.

हनुवटी घरी गेला, सवयीने सगळं दोन ठिकाणी उतरवलं आणि एका शाळेचे वर्गफोटो काढायला पळाला. संध्याकाळी सहाला धाकटीचा फोन आला, "दादा, मला अजून एका बाजूने दिसत नाहीये." पाठोपाठ ती ओकल्याचा आवाज आला.

डोळ्यांच्या मोठ्या हॉस्पिटलात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं. पहिला प्रश्न विचारला, हे किती वाजता झालं? धाकटीला सुई टोचल्यापासून दुपारी कॉटवर जाग येईपर्यंतचं काहीच आठवत नव्हतं, झोपेच्या औषधाने ते सगळं पुसून टाकलं होतं. सगळे हनुवटीकडे बघत होते. अकरा चौतीस म्हटलं तर पुढची अठरा मिनिटंही सांगावी लागली असती. "तीन-चार वाजता असेल," तो म्हणाला, आणि बाईंनी ते कागदावर लिहून घेतलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. भुवयांमधल्या रक्तवाहिन्या आतून डोळ्याच्या रक्तवाहिनीला जोडलेल्या असतात. त्यातल्या एकीत सुई शिरली आणि चरबी जोरात दाबली, तर ती रक्ताच्या उलट दिशेने मागे रेटली जाते आणि जोर थांबला की रक्ताबरोबर पुढे, थेट डोळ्यात जाऊन बसते. काही कण मेंदूतही जातात. धाकटीच्या मेंदूत दोन बारीक ठिपके निघाले, उजव्या हाताची बोटं महिनाभर बधिर होती. दुसरं काही भरलं असतं तर ते विरघळवायचं औषध निदान टोचून बघता आलं असतं, चरबीला तेही नाही. हनुवटीने व्हरांड्यात त्यांना गाठून विचारलं, तासाभरात आणलं असतं तर? बाई थकलेल्या होत्या. प्रयत्न तरी केला असता, म्हणाल्या, डोळा वाचला असता असं मी सांगणार नाही. हे वाक्य त्याला चांगलं पाठ झालं. झोपेतही येत असे.

डावा डोळा गेला तो गेलाच. एका डोळ्याने माणूस चालतो, जेवतो, टीव्ही बघतो. पण सुई किती खोल गेली हे एका डोळ्याला कळत नाही. धाकटी दोन महिन्यांनी कामावर गेली, तेव्हा तिची वाट बघत थांबलेल्या एका म्हाताऱ्याच्या हाताला तिने तीनदा टोचलं. तो बिचारा म्हणाला, असू दे गं पोरी. तिने ट्रे खाली ठेवला तो पुन्हा उचलला नाही. आता ती तिथेच मागच्या टेबलावर बसून नळ्यांवर चिठ्ठ्या डकवते.

हसऱ्या डॉक्टरला मात्र ती एकदा भेटून आली होती. फार बोलली नाही. आपण साधं रक्त काढतानाही सुई आत गेली की दट्ट्या जरा मागे ओढून बघतो, रक्त आलं की कळतं कुठे आहोत. तेवढंच तिने विचारलं, "दाबण्याआधी मागे ओढून बघितलंत का, डॉक्टर?" तो हसला.

हे हसणं हनुवटीच्या डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशीच डॉक्टरने त्याला बोलावून ते कार्ड मागून घेतलं होतं. पेशंटची खाजगी बाब असते, म्हणाला, आणि आपण काय परके आहोत का, असंही म्हणाला. हनुवटीने कार्ड मुकाट काढून दिलं. डॉक्टरने ते खणात टाकलं आणि विषय मिटला असं समजला. माणसं तोलायची सवय असलेल्या माणसाने या ठेंगण्या फोटोवाल्याला जोखताना फार मोठी चूक केली. हा फोटोवाला काही फेकत नाही हे डॉक्टरला माहीत नव्हतं, आणि झेरॉक्सवाल्याची गोष्ट तर त्याने ऐकलीच नव्हती.

धाकटीने डॉक्टरांच्या तक्रारी ऐकणाऱ्या समितीकडे अर्ज केला. साधा मार्ग हा होता की हनुवटीने त्याच दिवशी फोटो तिच्या हातात ठेवायचे. तो बायकोला म्हणाला, नाही. आत्ता दिले तर हा हरामखोर फोटो बघून आपली गोष्ट बेतेल. म्हणेल, लक्षात आलं होतं, उपचारच चालू होते. आधी त्याला खोटं बोलू दे. सहीशिक्क्यानिशी बोलू दे. मग त्याच्या नरड्यावर पाय देतो. बोलताना त्याच्या तोंडाला पाणी सुटल्यासारखं झालं होतं, आणि ते बघून बायको जरा घाबरली. तिला फोटोंबद्दल माहीत होतं, पफबद्दल नव्हतं. पण ती तीस वर्षं त्याच्या संसारात होती. तिने भांडी पुसता पुसता विचारलं, "पुरावा जपताय की स्वतःला?"

तो उठून स्टुडिओत गेला.

मग अकरा महिने त्याने डॉक्टरकडे काम केलं. पूर्वीसारखं. वेळेवर जायचा, चहा प्यायचा, डॉक्टर हसला की आपणही हसायचा. आतल्या आत दातओठ खात हसायला किती ताकद लागते ते त्यालाच ठाऊक. घरी येऊन तोंड धुवायचा. एकदा डॉक्टरला स्वतःचा मोठा फोटो हवा होता, केबिनमध्ये लावायला. हनुवटीने 'आधी'वाला दिवा काढला, बरोबर डोक्यावर टांगला, आणि असा फोटो काढला की डोळ्यांच्या जागी दोन काळी भोकं आणि गालांत खड्डे. हे उट्टं किरकोळ होतं, पण त्यावर आठवडा बरा गेला असता. डॉक्टर मात्र फोटोवर खूष. किती विचारी दिसतोय मी, म्हणाला, आणि सोनेरी चौकटीत लावला. हनुवटीला त्या रात्री जेवण गेलं नाही.

धाकटीने त्याच्याशी बोलणं टाकलं. आपला भाऊ अजून त्या दवाखान्यात जातो, ही गोष्ट तिच्या कानावर लॅबमधल्या कोणीतरी घातली. ती वहिनीला फोन करायची, त्याने उचलला तर ठेवून द्यायची. एकदा वहिनीला म्हणाली, दादाला सांग, त्याच्या साहेबांच्या दारावरचा नवीन चेहरा छान आलाय. वहिनीने निरोप जसाच्या तसा दिला. बहिणीने विकला गेलेला समजावं हे त्याला चालत होतं. अठरा मिनिटं कळावीत हे चालत नव्हतं. सूड हवा होता, आणि सूड उगवताना स्वतःच्या अंगावर शिंतोडा नको होता. असा तो होता. कोणाचा भाऊ याहून फार वेगळा असतो असं नाही.

डॉक्टरचं उत्तर आलं. टाईप केलेली चार पानं, प्रत्येकावर सही. बाईंना काहीही तक्रार नव्हती, त्या दुपारी सव्वाबाराला हसत चालत घरी गेल्या, त्रास दुपारनंतर घरी सुरू झाला, हॉस्पिटलच्या कागदावर तशीच वेळ आहे. उपचारानंतर त्या दिवशी एकही फोटो काढलेला नाही, आमच्याकडे तो महिन्याने काढतात. आणि याला साक्षीदार कोण? फोटोग्राफर स्वतः, जे बाईंचे सख्खे भाऊ आहेत. डॉक्टरने त्याला केबिनमध्ये बसवून ती पानं वाचून दाखवली आणि विचारलं, येणार ना सांगायला? हनुवटी म्हणाला, येणार म्हणजे काय, नक्की येणार. बाहेर येऊन त्याने जिन्यातच कठडा घट्ट धरला, इतका आनंद झाला होता.

त्या रात्री त्याने दोन पेनड्राइव्ह भरले. एकात शेवटचे चार फोटो: डॉक्टरचा अंगठा, डॉक्टरची बोटं, आणि खाली वेळ. दुसऱ्यात सगळे एक्केचाळीस, सकाळचा 'आधी'चा एक धरून. चार डाव्या खिशात, एक्केचाळीस उजव्या खिशात. दुसरा कशाला भरला असं कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. काढायचा नाही हे तर ठरलेलंच होतं.

सुनावणीची खोली साधीच. लांब टेबल, पलीकडे समितीची तीन माणसं, मधोमध पिकल्या केसांच्या अध्यक्षबाई, भिंतीवर पडदा. अलीकडे दोन बाकडी. एकावर धाकटी आणि तिची वहिनी. दुसऱ्यावर हसरा डॉक्टर, त्याचा वकील आणि त्यांच्या शेजारी हनुवटी. धाकटीने एकदाच मान वळवून त्याला बघितलं, डाव्या बाजूला होता म्हणून पूर्ण मान वळवावी लागली. मग पुढे बघत बसली.

अध्यक्षबाईंनी डॉक्टरला त्याची चार पानं दाखवून विचारलं, यातला शब्दन् शब्द खरा आहे ना? तो हसत म्हणाला, शब्दन् शब्द. मग त्यांनी हनुवटीला उभं केलं आणि विचारलं की उपचारानंतर त्या दिवशी फोटो काढले होते का.

"काढले," हनुवटी म्हणाला. "चाळीस."

त्याने डाव्या खिशातला पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. पडद्यावर चार फोटो आले. पांढरं कपाळ, त्यावर डॉक्टरचा अंगठा. झाकलेला उजवा डोळा, हलणारी बोटं. अकरा एकोणपन्नास, अकरा पन्नास, अकरा पन्नास, अकरा बावन्न. हनुवटी पडद्याकडे बघत नव्हता. तो डॉक्टरच्या तोंडाकडे बघत होता. ते हसू आधी एका बाजूने गेलं, मग दुसऱ्या बाजूने. अकरा महिने पोट भरलं नव्हतं ते आता भरत होतं.

वकील लगेच उठला. तो काही कच्चा नव्हता. म्हणाला, या फोटोंवर अडतीस ते एक्केचाळीस आकडे आहेत. आधीचे सदतीस कुठे आहेत? कॅमेऱ्यातली वेळ कशीही लावता येते, चार फोटो वेचून कोणालाही गुन्हेगार ठरवता येईल. अध्यक्षबाईंनी मान हलवली. त्यांनाही हाच प्रश्न होता. सबंध मालिका नसेल तर हे चार धरता येणार नाहीत, असं त्या म्हणाल्या. बाकीचे आहेत का?

हनुवटीच्या तोंडात "नाहीत" तयार होतं. पुसले गेले, हरवले, काहीही चाललं असतं. तेवढ्यात त्याची नजर पुन्हा डॉक्टरवर गेली. डॉक्टरच्या ओठांचा कोपरा वर चढत होता. हसू परत येत होतं. खरं सांगायचं तर हनुवटीने धर्मअधर्माचा काही विचार केला नाही, बहिणीचाही केला नाही. ते हसू परत येता कामा नये, एवढंच त्याला कळलं. त्याचा हात उजव्या खिशात गेला.

एकामागून एक फोटो लागले. सकाळच्या 'आधी'च्या फोटोत खोलीतलं भिंतीवरचं घड्याळ आलं होतं, कॅमेऱ्याची वेळ त्याच्याशी जुळली. वकील खाली बसला. मग अकरा चौतीस. पडलेली पापणी. पापणी वर धरणारं बोट. छत्री इकडे, छत्री तिकडे. डाग मोठा होत चाललेला. अकरा एक्केचाळीसला कपाळावर पावडरचा पफ आणि पफ धरलेला जाड, आखूड बोटांचा हात.

"हा हात कोणाचा?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माझा," हनुवटी म्हणाला. हॉस्पिटलात वेळ खोटी सांगितली तीही आपणच, हेही त्याने न विचारता सांगितलं. सगळं लिहून घेतलं गेलं.

निकाल दीड महिन्याने आला तो इथेच सांगून टाकायला हरकत नाही. डॉक्टरचा परवाना पाच वर्षांसाठी काढून घेतला, खोटी पानं दिल्याबद्दल पोलिसांत वेगळं प्रकरण गेलं, दारावरचे मोठे चेहरे उतरले. हनुवटी ते उतरताना बघायला मुद्दाम समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला होता. हवं ते सगळं त्याला मिळालं.

पण सुनावणीच्या दिवशी खोलीतून बाहेर पडल्यावर तो जिन्याशी उभा होता. वहिनीला काय समजायचं ते समजलं होतं, ती पुढे जाऊन रिक्षा बघते म्हणाली. धाकटी त्याच्यापाशी आली. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. तिच्या भुवयांमधल्या त्या दोन आठ्या अजून तशाच होत्या, चरबी जिरून गेली होती.

"मी तेव्हा काही बोलले होते का?" तिने विचारलं.

फोटोत आवाज नसतो. त्या खोलीत तेव्हा ते दोघंच होते, आणि तिला आठवत नव्हतं. नाही म्हटलं असतं तर जन्मात कोणाला कळलं नसतं.

"बोललीस," तो म्हणाला. "या बाजूचा दिवा गेला का, विचारलंस."

"मग?"

"मी दिवा बघितला. चालू होता. हलू नकोस म्हणालो."

"आणि मी हलले नाही."

"नाही."

ती रडेल असं त्याला वाटलं, निदान एक कानाखाली वाजवेल असं वाटलं. तिने पदराने चष्मा पुसला. चष्मा घालून तिने जिन्याकडे बघितलं, पायऱ्यांचा अंदाज घेतला.

"त्याचं काय करायचं ते हे लोक ठरवतील," ती म्हणाली. "तुझं मी ठरवीन. घाई नाही मला."

ती कठडा धरून उतरायला लागली. तो न सांगता तिच्या डाव्या बाजूला गेला, म्हणजे तिथे तिचा पाय चुकला तर सावरता येईल. ती थांबली.

"त्या बाजूला नको," ती म्हणाली. "इकडून चाल. यापुढे तू मला दिसायला हवास."

तो वळसा घालून तिच्या उजवीकडे आला, आणि दोघं सावकाश जिना उतरू लागली.